३० सप्टेंबर की ३१ डिसेंबर? सही करण्याआधी एवढं लेखी विचारा

२०२५ च्या वसंतात आलेला प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेत मेरीलँडमधल्या बेल्ट्सव्हिलच्या केंद्र सरकारी कृषी संशोधन केंद्रात २००४ पासून नोकरी. वय ४९. ट्रम्प सरकारने कर्मचारी कमी करण्यासाठी जानेवारीत दिलेली राजीनाम्याची पहिली ऑफर घेतली नाही. एप्रिलच्या सुरुवातीला कृषी खात्याने दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा घाबरून होकार कळवला. आता सहीसाठी करार आलाय: ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत घरी बसून पूर्ण पगार, मग राजीनामा. नवऱ्याची नोकरी सरकारी कंत्राटावरची, तीही डळमळीत. मुलगा अकरावीत. सांगलीच्या आईबाबांच्या ग्रीन कार्डाचं काम अर्ध्यावर. बाबांनी २००० साली बँकेतून व्हीआरएस घेतली होती आणि ते म्हणतात, घेऊन टाक. सही करू का?

ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही कंसात लिहिली आहे: "नोव्हेंबरात पन्नास पूर्ण होतील." बाकी सगळं आपण बोलू, पण आधी हे. करारात सेपरेशनची, म्हणजे नोकरी संपण्याची, तारीख ३० सप्टेंबर असेल तर आज सही करू नका. तुमचे पन्नास त्यानंतर जेमतेम दोन महिन्यांनी भरतात, आणि तेवढ्यात फार मोठं काहीतरी हातचं जाईल.

केंद्र सरकारी नोकरीत मुदतपूर्व निवृत्तीचा एक नियम आहे, ज्याला सगळे 'व्हेरा' म्हणतात. वय ५० आणि सेवा २० वर्षं, किंवा वय कितीही आणि सेवा २५ वर्षं. खात्याला त्याची परवानगी मिळालेली असेल तर या अटीत बसणारा माणूस राजीनामा न देता निवृत्त होतो. त्याला पेन्शन लगेच सुरू होते आणि आरोग्य विमा जन्मभर चालू राहतो. तुमची २१ वर्षं धरली आणि शेवटच्या तीन वर्षांच्या पगाराची सरासरी, समजा, १ लाख ३० हजार डॉलर धरली, तर दर वर्षाचा एक टक्का या हिशेबाने वर्षाला २७,३०० डॉलर पेन्शन बसते. ४९ व्या वर्षी राजीनामा दिलात तरी हे पैसे बुडत नाहीत, पण पूर्ण पेन्शन साठाव्या वर्षी मिळते. म्हणजे दहा वर्षांचे मिळून २ लाख ७३ हजार डॉलर गेले. आणि विमा जातो तो कायमचाच, कारण साठीला उशिरा पेन्शन सुरू झाली तरी सरकारी आरोग्य विमा परत जोडता येत नाही. तुमच्या घरी नवऱ्याचीही नोकरी कंत्राटी आहे, म्हणून मला पेन्शनपेक्षा या विम्याची काळजी जास्त वाटते.

या योजनेच्या पहिल्या फेरीत केंद्रीय कार्मिक कार्यालयाने एक सवलत दिली होती. ज्यांची निवृत्तीची पात्रता, नेहमीची किंवा मुदतपूर्व, ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत पूर्ण होते त्यांची तारीख डिसेंबरअखेरपर्यंत पुढे ढकलता येते. तुम्ही नेमक्या या सवलतीत बसता. पण ती आपोआप लागू होत नाही. करार बहुतेक ठिकाणी एकाच साच्यातून निघतात आणि साच्यात ३० सप्टेंबर छापलेलं असतं. मागणाऱ्याने मागायचं असतं.

हे मी इतकं जोर देऊन का सांगते त्याला कारण आहे. मी सव्वीस वर्षं एका केंद्र सरकारी कार्यालयाच्या एचआरमध्ये काढली. नव्वदच्या दशकात, क्लिंटन सरकारने कर्मचारी कमी करायला घेतले तेव्हा, मी तिथे नवीन होते. २५,००० डॉलर देऊन लोकांना घरी पाठवायचं चाललं होतं. (बहुतेक खात्यांत ती कमाल रक्कम आजही तेवढीच आहे, १९९४ पासून हललेली नाही.) एका प्रयोगशाळा तंत्रज्ञाची फाइल माझ्या टेबलावर आली तेव्हा त्याला नोकरी सोडून चार दिवस झाले होते. जन्मतारखेच्या रकान्यावर माझं बोट थांबलं. पुढच्या महिन्यात तो पन्नास वर्षांचा होणार होता, आणि सेवा बावीस वर्षांची. त्याला कोणी म्हणजे कोणीही सांगितलं नव्हतं. मी वरिष्ठांकडे गेले, त्यांनी फाइल बंद झाली म्हणून सांगितलं, आणि मी गप्प बसले. त्याचा चेहरा मला अजून आठवतो, कारण तो दर शुक्रवारी आमच्यासाठी घरचे टोमॅटो आणायचा. त्यानंतर माझ्या टेबलावर आलेली एकही जन्मतारीख मी पाहिल्याशिवाय पुढे ढकलली नाही.

आता तुमची २१ वर्षं. ती खरंच २१ आहेत का, हे आज रात्री तपासा. तुमच्या ऑनलाइन सेवा फाइलमध्ये एसएफ-५० नावाचा एक पानी आदेश असतो, प्रत्येक बढतीला आणि पगारवाढीला नवा निघतो. सगळ्यात ताजा काढा. रकाना २४ मध्ये १ असेल तर तुम्ही कायम. रकाना ३० मध्ये पेन्शन योजना, तुमच्या काळातल्या लोकांना तिथे 'के' हे अक्षर असतं. आणि रकाना ३१ मध्ये सेवा मोजण्याची तारीख. ही तारीख रजेसाठीची असते, पेन्शनची तारीख कधीकधी वेगळी निघते, पण सुरुवात इथून करायची. बेल्ट्सव्हिलला खूपजण आधी दोन वर्षं 'ओराइज'सारख्या फेलोशिपवर येतात, मग नोकरीत घेतले जातात. बिल्ला तोच, प्रयोगशाळा तीच, त्यामुळे माणूस आपली नोकरी पहिल्या दिवसापासून मोजतो. पण फेलोशिपचा काळ सरकारी सेवा धरत नाहीत. तुमचं तसं झालं असेल आणि नेमणूक खरी २००६ ची असेल, तर नोव्हेंबरात तुमची वीस वर्षं भरत नाहीत, आणि वर लिहिलेलं सगळं गणित बदलतं. त्या परिस्थितीत मी तुम्हाला साफ सांगेन: स्वतःहून जाऊ नका. वीस भरेपर्यंत टिकायचा प्रयत्न करा.

विम्याचंही तसंच. निवृत्तीनंतर विमा न्यायचा तर आधीची सलग पाच वर्षं तुम्ही सरकारी विम्यात असायला हव्यात. मधल्या काळात स्वस्त पडला म्हणून सगळं कुटुंब नवऱ्याच्या कंपनीच्या विम्यावर नेलं असेल तर तेही आत्ताच बघा.

बाबांच्या व्हीआरएसबद्दल. त्यांचा सल्ला प्रेमाचा आहे आणि त्यांच्या अनुभवापुरता खराही आहे. पण ती गोष्ट वेगळी होती. २००० च्या बँक व्हीआरएसमध्ये सेवेच्या प्रत्येक वर्षाला ६० दिवसांचा पगार, किंवा उरलेल्या महिन्यांचा पगार, यातली कमी असेल ती रक्कम वेगळी हातात मिळत होती. शिवाय ग्रॅच्युइटी, आणि पात्र असेल त्याला पेन्शन. बँकेच्या संचालक मंडळाने मंजूर केलेली योजना होती, अटी छापील होत्या. इथे वेगळी रक्कम काहीच नाही. तुम्ही एवीतेवी कमावला असता तोच पगार, काम न करता, सप्टेंबरपर्यंत. मेपासून मोजले तर बावीस आठवडे भरतात. त्याच्या बदल्यात तुम्ही राजीनामा लिहून देता, आणि करारात दावे सोडल्याचं कलम असेल तर कोर्टात जायचा हक्कही.

आणि राजीनामा हा शब्दच इथे महाग आहे. या व्यवस्थेत माणूस कोणत्या दाराने बाहेर पडला यावर त्याला काय मिळतं ते ठरतं. समजा तुम्ही सही केली नाही आणि उद्या कपात झाली, ज्याला इथे 'रिफ' म्हणतात. रिफमध्ये गेलेल्याला सेव्हरन्स, म्हणजे नोकरी गेल्याची भरपाई, मिळतो: पहिल्या दहा वर्षांचा वर्षाला एक आठवडा, पुढच्या प्रत्येक वर्षाचे दोन आठवडे. तुमचे दहा अधिक बावीस, म्हणजे ३२ आठवडे. त्यावर चाळिशीनंतरच्या प्रत्येक पूर्ण तीन महिन्यांना अडीच टक्के वाढ. तुमच्या वयाला ती ९० टक्क्यांच्या वर जाते. हिशेब साठ आठवड्यांच्या पुढे जातो आणि ५२ च्या मर्यादेला येऊन थांबतो. म्हणजे नकोशी वाटणारी कपात तुम्हाला पूर्ण वर्षाचा पगार देते, आणि त्याआधी साधारण ६० दिवसांची नोटीस, तीही पगारी. शिवाय बेकार भत्ता, मेरीलँडमध्ये आठवड्याला जास्तीत जास्त ४३० डॉलर. स्वतःहून राजीनामा देणाऱ्याला सेव्हरन्स नाही, आणि बेकार भत्त्यालाही बहुधा मुकावं लागतं.

एक खाच आहे. ज्या दिवशी तुम्ही लगेच पेन्शनला पात्र होता त्या दिवसापासून सेव्हरन्स बंद. पन्नासच्या आधी रिफ झाला तर वर्षाचा पगार, पन्नासनंतर झाला तर पेन्शन आणि विमा. दोन्ही एकदम मिळत नाहीत. पण रिफची तारीख पन्नासच्या थोडी आधी पडली तर एक नियम तुमच्या बाजूने आहे, आणि तो एचआरमधल्या नव्या लोकांना अनेकदा माहीत नसतो. रिफची नोटीस मिळालेला कर्मचारी आपली साठलेली वार्षिक रजा वापरून पात्रतेच्या दिवसापर्यंत नोकरीत राहू शकतो, आणि खात्याला ते मान्य करावं लागतं. तुमच्याकडे मागच्या वर्षातून आणलेले २४० तास असतील तर ते सहा आठवडे झाले. यंदाची रजा वर. म्हणून आत्ता सुट्ट्या उधळू नका, भारताची तिकीटंही थांबवा.

"पण रिफ होईलच कशावरून?" असं तुम्ही विचाराल. होईलच असं कोणी सांगू शकत नाही. १ एप्रिलला आरोग्य खात्याने दहा हजार लोकांना काढलं तेव्हा काहींना सकाळी दारात बिल्ला चालेना तेव्हा कळलं. ते पाहून तुम्ही घाबरलात हे मला समजतं. तुमच्या खात्यात फेब्रुवारीत प्रोबेशनवरच्या सुमारे सहा हजार जणांना काढलं आणि मार्चमध्ये परत घ्यायला लावलं. पण तुम्ही प्रोबेशनवर नाही. कायम कर्मचाऱ्याची कपात क्रमवारीने करावी लागते: नेमणुकीचा प्रकार, माजी सैनिकांचं प्राधान्य, सेवेची वर्षं, आणि कामाचे शेरे. गेल्या चार वर्षांतल्या शेवटच्या तीन शेऱ्यांवर जादा सेवावर्षं धरली जातात, उत्कृष्ट शेऱ्याला २०, समाधानकारक असेल तर १२. तुमचे तीन वार्षिक अहवाल काढून घरच्या कागदांत ठेवा. संपूर्ण विभागच बंद झाला तर क्रमवारीचा उपयोग होत नाही, हे खरं आहे, पण सेव्हरन्सचा हक्क तेव्हाही राहतो.

दुसरी शक्यता बदलीची. २०१९ मध्ये तुमच्याच खात्यातल्या दोन संस्था वॉशिंग्टनहून कॅन्सस सिटीला हलवल्या आणि बहुसंख्य लोक गेले नाहीत. तसं काही समोर आलं तर रागाने राजीनाम्याचं पत्र लिहू नका. रोजच्या येण्याजाण्याच्या टप्प्याबाहेरची बदली नाकारून नोकरी गेली तर ती 'स्वतःहून सोडली' असं धरत नाहीत, जर तुमच्या नेमणुकीत कुठेही जाण्याची अट नसेल. मात्र जवळच, तशीच नोकरी, दोन श्रेणींपर्यंत खाली का होईना, देऊ केली आणि तुम्ही नाकारली, तर सेव्हरन्सही जातो आणि नोकरी गेल्यावर लगेच मिळू शकणारी पेन्शनही.

आता पैसे खरंच मिळतील का. २८ जानेवारीला ती पहिली ईमेल आली तेव्हा मीसुद्धा लोकांना थांबा म्हणाले होते. 'रिझाइन' एवढा एक शब्द उत्तरात पाठवा, बाकी आम्ही बघतो, असं त्यात होतं. माझ्या सव्वीस वर्षांत मी राजीनामा असा घेतलेला पाहिला नव्हता. सरकारचा निधी तेव्हा १४ मार्चपर्यंतचाच मंजूर होता आणि वचन सप्टेंबरचं दिलं जात होतं. बिनकामाच्या रजेवर वर्षाला दहा दिवसांची मर्यादा घालणारा कायदाही आहे, त्याचा अर्थ कार्मिक कार्यालय वेगळा लावतं. ६ फेब्रुवारीची मुदत बोस्टनच्या न्यायाधीशांनी थांबवली, पण १२ तारखेला स्थगिती उठली, कारण कर्मचारी संघटनांना हा दावा आणायचा अधिकार नाही असं ठरलं. योजना कायदेशीर आहे असं त्यांनी म्हटलेलं नाही, हे लक्षात ठेवा. त्या संध्याकाळी खिडकी बंद झाली तोवर सुमारे ७५ हजार जणांनी होकार दिला होता. माझ्या ओळखीतल्या ज्यांनी तो दिला त्यांचा पगार आतापर्यंत दर पंधरवड्याला येतोय. मार्चमध्ये इथल्या संसदेने निधी ३० सप्टेंबरपर्यंत वाढवला, त्यामुळे तोपर्यंतची माझी भीती बरीच कमी झाली आहे. डिसेंबरपर्यंतची तारीख मागाल तेव्हा मात्र हे माहीत असू द्या, की ऑक्टोबरपासूनचा निधी अजून मंजूर व्हायचा आहे. सरकार बंद पडलं तर ते दिवस पगार थांबेल. २०१९ च्या कायद्याने तो नंतर द्यावा लागतो, पण मधले हप्ते तुम्हालाच भरायचे आहेत.

तुमच्या हातात वेळ आहे. तुम्ही चाळिशीच्या वरच्या. वयावरून भेदभावाचा दावा सोडायला लावणाऱ्या अशा सामूहिक करारावर विचार करायला कायद्याने ४५ दिवस मिळतात, आणि सही केल्यावर सात दिवसांत ती मागे घेता येते. होकार कळवणं आणि करारावर सही करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वरिष्ठ "उद्यापर्यंत द्या" म्हणत असतील तर करार हातात पडल्याची तारीख लिहून नम्रपणे ४५ वा दिवस कळवा. वकिलाला एकदा दाखवायला हा वेळ पुरतो. फक्त केंद्र सरकारी नोकरीचे खटले लढवणारा वकील शोधा, घराचे व्यवहार बघणारा नको.

घरी बसून दुसरी नोकरी करता येते असं सांगितलं जातं. येते, पण तुम्ही सेपरेशनच्या दिवसापर्यंत सरकारी नोकर असता आणि हितसंबंधांचे सगळे नियम लागू राहतात. तुमचं काम बियाण्यांवरचं असेल आणि बियाणं कंपनीत रुजू होणार असाल तर बोलणी सुरू करण्याआधीच खात्याच्या एथिक्स कार्यालयाची लेखी परवानगी घ्या. हा फौजदारी कायद्याचा भाग आहे, चूक परवडणारी नाही.

आईबाबांच्या ग्रीन कार्डासाठी तुम्ही जे आर्थिक हमीपत्र भराल त्यात चालू उत्पन्न बघतात. रजेवरचा पगार हा पगारच, तोवर अडचण नाही. तो थांबल्यावर मुलाखत आली तर नवऱ्याचं उत्पन्न त्याच घरातला सदस्य म्हणून जोडता येतं, किंवा दुसरा हमीदार देता येतो. यासाठी घाईने कोणताही निर्णय घ्यायची गरज नाही.

आता पत्र. एचआरला ईमेल करा आणि प्रत स्वतःच्या खासगी पत्त्यावर ठेवा. चारच गोष्टी विचारा. माझी पेन्शनसाठीची सेवा आजअखेर किती वर्षं, किती महिने? नोव्हेंबरात ५० पूर्ण होतात, तर माझी सेपरेशनची तारीख ३१ डिसेंबर २०२५ करून मिळेल का? माझ्या पदाला व्हेरा लागू आहे का, आणि करारात 'राजीनामा' ऐवजी 'मुदतपूर्व निवृत्ती' असं लिहाल का? मी निवृत्तीत विमा नेऊ शकते का? सोबत पेन्शनचा अंदाजे हिशेब मागा.

चारही उत्तरं तुमच्या बाजूची आणि करारात लिहिलेली आली, तर मी तुमच्या जागी सही केली असती. नोकरीवर तुमचं प्रेम आहे हे पत्रात दिसतं. जानेवारीच्या ईमेलसोबतच्या सूचनेत सरकारी कामापेक्षा खासगी काम जास्त उत्पादक असल्याचं लिहिलं होतं, ते तुम्हाला लागलंय, मलाही लागलं. तुमच्या खात्याची माणसं वाशीत बसून हापूस तपासतात म्हणून तो इथल्या दुकानात दिसतो, त्या कामाला कमी लेखायचं कारण नाही. पण पन्नासाव्या वर्षी विमा आणि पेन्शन घेऊन बाहेर पडलेली शास्त्रज्ञ पुढे हवं ते काम निवडू शकते. महागाईची वाढ मात्र ६२ पर्यंत मिळत नाही, हे घरखर्चाच्या हिशेबात धरा. आणि पहिल्या पूर्ण पेन्शनला वेळ लागतो. पेन्सिल्व्हेनियातल्या बॉयर्सजवळ चुनखडीच्या जुन्या खाणीत, जमिनीखाली, या फाइली वर्षानुवर्षं कागदावर हाताळल्या जात आल्या आहेत. तोवर अंदाजे रक्कम येत राहते, ती पूर्ण पेन्शनपेक्षा कमी असते. सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवूनच बाहेर पडा.

तारीख ३० सप्टेंबरच राहणार असं उत्तर आलं, तर करार सही न करता परत द्या आणि कामावर जात राहा. उत्तर फोनवर आलं तर ते आलंच नाही असं धरा आणि तेच ईमेलने पुन्हा विचारा. आणि लॅपटॉप परत मागण्याआधी, म्हणजे या शनिवारी-रविवारीच, सगळे एसएफ-५०, पगारपत्रकं, तीन वर्षांचे शेरे आणि विम्याच्या नोंदी उतरवून घ्या. अॅडमिन लीव्हवर, म्हणजे या घरबसल्या पगारी रजेवर, गेल्यावर तुमचा पासवर्ड त्याच दिवशी बंद होऊ शकतो.